थोरल्या साहेबांच्या मापाचा कोट

मी एक कोट बोलतोय. खरं सांगायचं तर सध्या पाऊण कोट. माझी उजवी बाही माझ्यापासून वेगळी होऊन पलीकडच्या टोपलीत पडली आहे. तिचं काय म्हणणं असेल ते तिचं तिला ठाऊक. मी आपला उरलेल्या अंगानिशी जमेल तेवढं सांगतो.

साधासुधा कोट समजू नका मला. लग्नाकार्यात मिरवणारे कोट वेगळे. ते वर्षभर कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीने झोपा काढतात. मी आग विझवणाऱ्यांचा कोट. बाहेरून जाडजूड, आतून दोन अस्तरं, छातीवर आणि मनगटांवर चकाकणारे पट्टे. फायर स्टेशनच्या भिंतीवर आम्ही ओळीने खुंट्यांना लटकायचो. घंटा झाली की जवान धावत यायचे, आम्हाला ओढून अंगात चढवायचे आणि बंबावर उड्या मारायचे. दिवसातला बाकीचा सगळा वेळ आम्ही माणसं बघायचो. त्यामुळे माणसांविषयी माझी काही मतं झाली आहेत.

माझा जन्म आदरातून झाला. स्टेशनवर तेव्हा थोरले साहेब होते. ते दारातून आत आले की खोलीतला उजेड कमी व्हायचा, एवढं त्यांचं अंग. नवे कोट शिवायचे ठरले तेव्हा शिंपी माप घ्यायला आला. साहेबांच्या आधी जवानांचं माप घेणं बरं दिसेना, म्हणून त्याने पहिल्यांदा साहेबांचं घेतलं. मग तो जवानांकडे वळला, तर साहेब म्हणाले, "अरे, एकच माप धर की. मोठा कोट लहान माणसाला बसतो, लहान कोट मोठ्याला बसत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबांचं बोलणं इतकं बिनतोड असायचं, की त्यात चूक कुठे आहे ते सापडायला वर्षं जायची.

तेव्हापासून ती त्या स्टेशनची रीतच पडली. कोट कधीही मागवा, माप थोरल्या साहेबांचं. जवान मुळात दांडगे होते. ज्यांना कोट ढगळ व्हायचा ते वर्षा-दोन वर्षांत पोट वाढवून त्याला न्याय द्यायचे. मला तर खुद्द थोरल्या साहेबांनीच वापरलं. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी मला भिंतीकडच्या शेवटच्या खुंटीला अडकवलं, पाठीवर थाप मारली आणि गेले.

त्यांच्या जागी धाकटे साहेब आले. हे उंचीने बेताचेच होते. त्यांचा कोट वेगळा शिवून आला, अगदी बेतशीर. त्याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. साहेबांच्या टकलाविषयी जसं कोणी बोलत नाही, तसंच ते.

आणि मग एक दिवस ताई आली.

तिला ताई म्हणायचं हे कोणी ठरवलं नव्हतं. ती रुजू झाली तेव्हा सगळे चहा पीत बसले होते. साहेबांनी सांगितलं, "ही आजपासून आपल्यात." सगळ्यांनी कप खाली ठेवले. त्यांच्यात मिशीवाले होते, स्टेशनवरचे सगळ्यात जुने जवान. शिडीवर पहिलं पाऊल त्यांचंच असायचं आणि त्यांच्या मिशांचा दरारा त्यांच्याआधी आगीपर्यंत पोचायचा. ते घसा खाकरून म्हणाले, "या... ताई." झालं. वयाने ती त्यांच्या मुलीएवढी होती, पण ताई झाली.

वागवलं मात्र सगळ्यांनी फार चांगलं, हे मी खुंटीवरून पाहिलं आहे. तिला जड नळी उचलू द्यायचे नाहीत. "असू दे, असू दे, आम्ही आहोत ना!" चहा करायला तर तिला कधीही कोणी सांगितलं नाही. फक्त दिवसातून दोनदा विचारायचे, "ताई, तुम्हाला चहा चांगला येत असेल नाही?" कपडे बदलायला तिला स्टोअरचा एक कोपरा दिला आणि पडदा म्हणून जुनी ताडपत्री बांधली. त्या ताडपत्रीजवळून जाताना आत कोणी आहे की नाही ते कळावं म्हणून प्रत्येक जण दुरूनच खोकायचा. परगावचा कोणी पाहुणा आला असता तर त्याला वाटलं असतं, सगळ्या स्टेशनला खोकल्याची साथ आली आहे. एकमेकांत मात्र कुरकुर चालायची, "आता काही मोकळेपणा राहिला नाही बुवा. शिवी द्यायची तरी इकडेतिकडे बघून."

पहिल्याच दिवशी स्टोअरवाल्या काकांनी मला खुंटीवरून काढलं आणि तिच्या हातात दिलं. "हा घे पोरी. शिलकीतला सगळ्यात भारी कोट. थोरल्या साहेबांच्या अंगावरचा आहे, समजलीस?"

तिने मला घातलं. तिची बोटं दिसेनाशी झाली. माझी खालची कड तिच्या गुडघ्यांवर आपटायला लागली आणि कॉलरमधून नुसते डोळे तेवढे बाहेर राहिले.

"काका, माझ्या मापाचा नाही का एखादा?"

"माप एकच असतं बाळ. माणसं वेगवेगळी असतात."

हे काका मनाने वाईट नव्हते. स्टोअरमधल्या वस्तू त्यांना पोटच्या पोरांसारख्या होत्या. त्या कोणाला द्याव्या लागल्या की त्यांचा जीव तुटायचा, एवढंच.

"मग बाह्या तरी कापून घेते. माझी आई शिवणकाम करते."

काकांनी कानांवर हात ठेवले. "कात्री? या कोटाला कात्री लागली की तो बाद! कापलेल्या जागेतून आग आत शिरते. तसा नियमच आहे." नियम खरा होता, त्याबद्दल वाद नाही. पण नियम पाळला म्हणून कोट अंगाला बसत नाही.

तेव्हा ती बाह्यांना तीन-तीन घड्या घालू लागली. घंटा झाली की सगळे बंबावर, आणि ही खाली उभी राहून घड्या घालतेय. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा. मिशीवाले वरून म्हणायचे, "थांबा रे, बायकांना तयार व्हायला वेळ लागतोच." सगळे हसायचे. तीही हसायची, पण माझ्या आत तिचे हात कसे मुठी आवळायचे ते मलाच ठाऊक. मला त्या माणसांचा राग यायचा. त्याहून जास्त माझ्या बाह्यांचा यायचा.

ती आगीच्या आत शिरायला म्हणून या कामात आली होती. बाहेर उभं राहून पाण्याचा दाब बघायला नव्हे. चार-सहा महिने गेले तरी तिला कोणी आत पाठवेना, तेव्हा ती साहेबांकडे गेली. मी तिच्या हातावर होतो, म्हणून सगळं ऐकलं.

"साहेब, मला आत कधी पाठवणार?"

"अगं, असला झगा घालून आत कशी जाणार तू? उद्या काही झालं तर तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?"

"मग मापाचा कोट मागवा ना."

"मागवला असता गं. पण वरचे विचारतील, ही आत जातच नाही, तर हिला नवा कोट कशाला?"

साहेबांच्या चेहऱ्यावर आपण काही चुकीचं बोललो असं अजिबात दिसत नव्हतं. थोरल्या साहेबांची गादी चालवायला योग्य माणूस मिळाला होता, यात शंका नाही.

पुढे एका दुपारी गाद्यांच्या कारखान्याला आग लागली. त्या दिवशी दोघं जवान रजेवर होते. कापूस पेटला की ज्वाळा कमी आणि धूर जास्त, आणि तो धूर सगळा वरच्या मजल्यावर कोंडला होता. मिशीवाले शिडीवरून वर गेले, खिडकी फोडून आत शिरले आणि पाण्यासाठी ओरडले. नळी वर न्यायला माणूस हवा होता. साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि दुसरं कोणीच नाही असं दिसल्यावर म्हणाले, "ताई, तू जा."

ती सरसर चढली. खांद्यावर नळी, आणि चढताना एकदाही खाली बघणं नाही. मला तिचा असा अभिमान वाटला म्हणून सांगू! आणि तेवढ्यात माझ्या उजव्या बाहीच्या घड्या सुटल्या. बाही तिच्या पंजापुढे लोंबायला लागली आणि शिडीच्या बाजूचा लोखंडी हूक सरळ माझ्या मनगटात शिरला.

तिने ओढलं. मी सुटलो नाही. माझं कापड फाटत नाही अशी माझी ख्याती होती, ती नेमकी तिथे कामाला आली. एका हातात नळी, दुसरा हात मी धरून ठेवलेला, आणि वरून मिशीवाल्यांचा आवाज, "पाणी! अगं पाणी आण!" तिने दात आवळले, सगळं अंग मागे टाकलं आणि हिसडा दिला. टर्र करून मी कोपरापर्यंत फाटलो. ती वर पोचली. पाणीही पोचलं. पण तोवर मिशीवाल्यांचा डावा कान भाजला होता आणि डाव्या बाजूची मिशी जळून गेली होती.

बंब परत यायच्या आतच स्टेशनवर बातमी पोचली, "बाई शिडीवर अडकली." एवढंच. पाणी कोणी पोचवलं ते बातमीत मावलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ताईला फोनवर बसवलं. साहेबांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, "तुझ्या भल्यासाठीच गं. ऑफिसातच तुझी कायमची सोय करून टाकतो. महिनाअखेर ऑर्डर निघेल."

काकांनी मला बाद केलं नाही. "फाटलाय ना? शिवून घे, झालं. फाटणं म्हणजे अपघात, कापणं म्हणजे गुन्हा." ताईने ताडपत्रीमागे बसून जाड दोऱ्याने मला शिवलं. शेवटची गाठ मारली आणि माझ्यात तोंड खुपसून रडली. आवाज बाहेर गेला नाही, मी जाडजूड आहे म्हणून. बाहेरून नेमकं कोणीतरी खोकलं, तेव्हा तिने डोळे पुसले.

मग ती उठली आणि मला घेऊन तडक अंगणात आली. साहेब तिथे सगळ्यांना गोळा करून शिडीवर काय चुकलं ते समजावून सांगत होते.

"साहेब, मी नव्हते अडकले. कोट अडकला."

"हाच कोट थोरल्या साहेबांनी उभा जन्म वापरला. त्यांना नाही कुठे अडकला तो."

"मग तुम्ही घालून बघा."

साहेबांना नाही म्हणता येईना. सगळे बघत होते, आणि मिशीवाले एकुलत्या एका मिशीनिशी सगळ्यात पुढे उभे होते. साहेबांनी मला चढवलं. त्यांचीही बोटं दिसेनाशी झाली. त्यांनी ताईसारख्याच घड्या घातल्या, नळी खांद्यावर घेतली आणि शिडी चढू लागले. मी काही मुद्दाम केलं नाही, देवाशपथ. पण हुकापाशी आल्यावर घडी सुटली आणि साहेब तिथेच लटकले. एक पाय शिडीवर, एक पाय हवेत. ड्रायव्हर तोंडात रुमाल कोंबून बंबामागे गेला. मग सगळ्या स्टेशनलाच पुन्हा एकदा खोकल्याची साथ आली.

दोघांनी वर जाऊन साहेबांना सोडवलं. ते खाली आले, कपाळावरचा घाम पुसला आणि गंभीरपणे म्हणाले, "आलं लक्षात. दोष हुकात आहे."

लगेच कानस मागवून हूक घासून गुळगुळीत केला. शिडीला नवा रंगही दिला. ताई फोनवर होती ती फोनवरच राहिली.

मात्र त्या दिवसापासून मिशीवाले भाजलेल्या कानाला मलम लावता लावता माझ्याकडे बघायचे. एका सकाळी ते साहेबांच्या दारात जाऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "साहेब, माझ्यामागून नळी घेऊन ताईच येईल. हिसडा मारून पाणी आणणारं दुसरं कोणी दिसत नाही मला इथे. पण तिला मापाचा कोट येईपर्यंत मीही शिडी चढणार नाही. मला एकच कान शिल्लक आहे."

साहेब चटकन उठले. "अरे, असं आधी नाही का सांगायचं? ही तर तांत्रिक अडचण झाली!"

ताईने तेच कितीतरी महिने सांगितलं, तेव्हा ती तक्रार होती. मिशीवाल्यांनी एकदाच सांगितलं, तर ती तांत्रिक अडचण झाली. माणसांच्या कानांची रचना मला अजून नीट कळलेली नाही. पण ऑफिसची ऑर्डर काही निघाली नाही, आणि ताईच्या मापाचा कोट आला.

त्या आठवड्यात घंटा झाली तेव्हा तिने माझ्या शेजारच्या खुंटीवरून तो ओढला आणि सगळ्यांबरोबर बंबावर चढली. मी मागे राहिलो. मला टाकून बंब गेला याचा एवढा आनंद मला कधी होईल असं वाटलं नव्हतं. संध्याकाळी ती परत आली ती काळीठिक्कर, डोळे लाल, आणि पायरीवर फतकल मारून बसली. मिशीवाल्यांनी तिच्या हातात चहाचा कप दिला. स्वतः केलेला. तिने एक घोट घेतला आणि म्हणाली, "अहो, यात साखर आहे की साखरेत चहा?" त्यानंतर तिला चहाविषयी कोणी विचारलं नाही.

माझं काय करायचं, हा प्रश्न मग साहेबांना सुचला. त्यांनी स्टेशनच्या दर्शनी भागात काचेची पेटी करवून घेतली, मला इस्त्री करून त्यात टांगलं आणि खाली पाटी लावली, "या केंद्रातील पहिल्या महिला जवानाचा कोट". मोठमोठे पाहुणे यायचे आणि माझ्याकडे हात करून म्हणायचे, "या कोटाने तिला बळ दिलं." मी काचेआड घामाघूम व्हायचो. अहो, मी तिला शिडीवर टांगलं होतं! पण पाटीवर लिहिलेलं खोडणार कोण? माझी फाटकी बाही भिंतीच्या बाजूला वळवली होती, फोटोत येऊ नये म्हणून.

अशी बरीच वर्षं गेली. ताई शिफ्टची प्रमुख झाली. मिशीवाल्यांच्या दोन्ही मिशा पिकल्या. आणि मध्यंतरी एक नवी मुलगी रुजू झाली. अगदी काडीपैलवान, पण डोळ्यांत दम. तिने काकांकडे कोट मागितला. काकांनी कपाळावर आठ्या घालून विचार केला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"आहे की! महिला कोट शिल्लक आहे एक."

त्यांनी किल्ली आणली, पेटी उघडली आणि मला बाहेर काढलं. ती माझ्यात बुडाली. तिची बोटं दिसेनाशी झाली. पण ती पोरगी एवढी हरखली होती, की मला तिचं हरखणंच सहन होईना. ताई तेवढ्यात आत आली, तर ही धावत तिच्यापुढे गेली. "मॅडम, हा तुमचाच ना? बाह्या जरा दुमडाव्या लागतील, पण केवढं माझं नशीब!"

ताईने माझी उजवी बाही हातात घेतली आणि कोपरावरच्या त्या जाड दोऱ्यावरून अंगठा फिरवला. मग तिने मला हळूच त्या मुलीच्या अंगावरून उतरवलं, टेबलावर पसरलं आणि बंबातली मोठी कात्री आणली, अपघातात गाडीतले सीटचे पट्टे कापायची.

"अहो ताई! अहो, तो इतिहास आहे!" काका ओरडले.

"हो ना. म्हणूनच," ती म्हणाली आणि तिने बाही खांद्यापासून कापली. माझं कापड चिवट आहे, तिला जोर लावावा लागला. "कात्री लागली की बाद ना काका? मग झाला हा बाद. आता महिला कोट शिल्लक नाही. हिचं माप घ्या आणि नवा मागवा."

"पण... बाईचं माप मी कसं घेऊ?"

"टेपने."

तर अशी माझी ही अवस्था. मला दुखलं का, असं कोणी विचारलं तर सांगेन, दुखलं. पण आजवर माझ्या नावाने जेवढे सत्कार झाले त्या सगळ्यांपेक्षा मला ती कात्री मोलाची वाटते. सध्या मी बंबाशेजारच्या कोपऱ्यात असतो, पुसायचं फडकं म्हणून. समोरच्या पेटीत आता काही नाही, पाटी मात्र तशीच आहे. लोक तिच्यासमोर उभे राहून अजूनही फोटो काढतात. पेटी रिकामी बरी दिसत नसेल, तर तिच्यात काकांचा तो टेप ठेवा, एवढीच माझी विनंती.

नवा कोट यायला वेळ लागला. तोवर ताईने त्या मुलीला बंबावर चढू दिलं नाही, आणि मुलगी अंगणात पाय आपटत राहिली. आज सकाळी कोट आला. दुपारी घंटा झाली. तिने तो एका हिसक्यात खुंटीवरून ओढला, बटणं लावली आणि उडी मारून सगळ्यांच्या आधी बंबावर. घड्या नाहीत की काही नाही. खाली मिशीवाले एक बूट पायात घालून दुसरा शोधत होते. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"थांबा हो," ती पोरगी वरून ओरडली, "पुरुषांना तयार व्हायला वेळ लागतोच!"

सगळा बंब हसला. मिशीवाले सगळ्यात मोठ्याने हसले आणि एका बुटानिशी चढले. मला टाळी वाजवावीशी वाटली. पण एका बाहीने कुठे टाळी वाजते?